धारेची वेळ

मी फौजेच्या इंजिनिअर्समध्ये बावीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, त्यामुळे गावात मीही मेजर. शेवटचं पोस्टिंग आसामात होतं. दर पावसाळ्यात आमच्या कंपनीला पूरकामाचा हुकूम यायचा. पहाटे पाचला फॉल-इन, साडेपाचला बोटी ट्रकवर, सातला पाण्यात. मी बोट कमांडर होतो.

पहिल्या दिवशी सुभेदार साहेबांनी दिलेलं ब्रीफिंग एका वाक्याचं होतं. "लोग पानी से कम मरते हैं, वापस जाने से ज्यादा मरते हैं."

ते खरं निघालं. सकाळी छपरावरून उतरवलेला माणूस दुपारी पुन्हा पाण्यात शिरलेला मी डोळ्यांनी पाहिला. कुणी पेटीसाठी जायचं, कुणी बदकांसाठी. आम्ही त्यांना अडाणी म्हणायचो. ते मागे का फिरतात हे विचारायला आमच्याकडे वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तशी गरजही वाटत नव्हती. संध्याकाळी रिपोर्ट भरायचा, बोट धुवायची आणि झोपायचं.

रिटायर झाल्यावर सोलापुरात एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. आठवडाभर शहरातल्या खोलीत, रविवारी गावी. आमची वस्ती भीमेच्या काठी, पंढरपूरच्या खालच्या अंगाला आहे. एका बाजूला नदी, मागच्या बाजूला ओढा, मध्ये ऊस आणि आमचं घर. गावठाण आणि शाळा ओढ्यापलीकडे, उंचावर. ओढ्यावर फरशी पूल आहे, म्हणजे पाण्याच्या जरा वर असलेला बिनकठड्याचा सिमेंटचा रस्ता.

फौजेत शिकलेली एक गोष्ट मी घरच्यांना पहिल्या दिवशी सांगितली. पूर समोरून येत नाही. नदीचं पाणी आधी ओढ्यात उलटं शिरतं, फरशी बुडते आणि मागची वाट बंद होते. मग नदी सावकाश अंगणात येते. अंगणात पाणी आल्यावर निघणारा माणूस तीन तास उशिरा निघालेला असतो. म्हणून मी फरशीशेजारच्या विजेच्या खांबाला एक पांढरा पट्टा ओढला. त्या पट्ट्याला पाणी लागायच्या आत घर सोडून शाळेत जायचं.

घरात सहा माणसं. थोरला भाऊ अण्णा, वहिनी, माझी बायको मंगल, पुतण्या संतोष, त्याची बायको रूपाली आणि त्यांची चार वर्षांची पोर. प्रत्येकाला काम वाटून दिलं. संतोषकडे दोर, टॉर्च आणि फोन. रूपालीकडे पोर. मंगलकडे रेशनकार्ड, आधार, सातबारा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. अण्णांकडे स्वतःच्या बीपीच्या गोळ्या, पंधरा दिवस पुरतील इतक्या. वहिनींकडे शिधा. कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ, दोन कॅन पाणी. दर अमावस्येला भाकरी आणि पाणी बदलायचं.

पहिल्या ड्रिलला एक्केचाळीस मिनिटं लागली. त्यातली बारा अण्णांनी टोपी शोधण्यात घालवली. "बोडक्या डोक्यानं शाळंत जाऊ व्हय?" म्हणाले. वर्षभरात मी वेळ चौदा मिनिटांवर आणली. शिट्टी वाजली की घर रिकामं. मला फार अभिमान होता त्याचा. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं बघायला यायची आणि मी छाती फुगवून घड्याळ दाखवायचो.

जनावरांचा नियम एका ओळीचा होता. दावी कापायची, मागे फिरायचं नाही. जनावर पोहतं. हे फौजेच्या पुस्तकातही आहे आणि खरंही आहे. आमच्याकडे दोन म्हशी. ड्रिलच्या वेळी त्या मी गोठ्यातच ठेवायचो, कारण सोडल्या की उसात घुसायच्या आणि माझी चौदाची चाळीस मिनिटं व्हायची.

एकदा वहिनी म्हणाल्या, "मेजर, एकदा म्हशीबी घिऊन जाऊ की शाळंपतुर."

मी म्हणालो, "वैनी, ही ड्रिल हाय, जनावरांचा बाजार न्हवं."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. मग म्हणाल्या, "न्हाय, सोडलेली म्हस जाती कुटं, ती तिच्या खुट्यालाच यिती." मी तोवर घड्याळ बघून वहीत वेळ लिहीत होतो.

वहिनींबद्दल सांगायला हवं. कौसल्या त्यांचं नाव. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि वहिनी त्या घरात नव्या सून होत्या. मला न्हाऊ घालण्यापासून सगळं त्यांनी केलं. वहिनी म्हणायचो इतकंच, बाकी ती आईच होती. मी भरतीला निघालो तेव्हा अण्णा तीन दिवस बोलले नाहीत. वहिनींनी भाकरी बांधून दिली आणि म्हणाल्या, "जा. पन माज्यासारकं कुनाचं ऐकत जाऊ नगंस." त्याचा अर्थ मला त्या वयात कळला नव्हता.

मागच्या भाद्रपदात वरती सलग पाऊस लागला. सकाळी ११.२० ला गावच्या ग्रुपवर मेसेज आला. उजनी धरणातून विसर्ग वाढतो आहे, नदीकाठच्यांनी सुरक्षित जागी जावं. सूचना वेळेवर आली होती. कुणाला बोल लावायला जागा नाही.

१२.४५ ला संतोषचा फोन.

"काका, पट्ट्याला चार बोटं कमी."

"मूव्ह."

"म्हशी?"

"दावी काप. नीघ."

१.०२ ला पुन्हा फोन. "सहाजन शाळंत. टाइम चौदा मिनिटं."

"शाबास. जागेवर राहा."

गेटवर माझ्याबरोबर शेखभाई म्हणून जुना गार्ड होता. त्याने विचारलं, "क्या मेजर, घर कू सब खैरियत?" मी त्याला चौदा मिनिटांची सगळी हकीकत सांगितली. वर चहा पाजला.

४.१० ला मंगलच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या वहिनी.

"मेजर, धाकली वर माळाला लागली, पन चांदी परत आली गोठ्यात. शाळंच्या गच्चीवरनं दिसतीया. पाण्यात हुबी हाय आन् वरडतीया."

चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली थोरली म्हैस. मी म्हणालो, "वैनी, जनावर पोहतं. तिचं ती बघंल."

"पवतंय, मला ठावं हाय. पन ती जानार न्हाय. धारंची येळ झाली. ती मला हुडकतीया."

"जागा सोडायची न्हाय. ऑर्डर हाय."

मग त्या म्हणाल्या, "बरं."

गेटवर ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी फोन ठेवला. एकूण त्रेचाळीस सेकंद बोललो. तो आकडा अजून माझ्या फोनमध्ये आहे.

चांदीचं रेडकू उन्हाळ्यात मेलं होतं. तेव्हापासून ती वहिनींशिवाय कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. दुसरं कुणी बसलं की दूध चोरायची, लाथ मारायची. वहिनी पाठीवरून हात फिरवत तिच्याशी काहीबाही बोलायच्या आणि मग ती पान्हावायची. एक वेळची धार चुकली की कास दगडासारखी व्हायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझ्या कागदावर मात्र नव्हतं.

आणि वहिनींचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. वडिलांना त्या 'बरं' म्हणायच्या आणि मला चोरून शाळेच्या सहलीला पाठवायच्या. अण्णांना 'बरं' म्हणायच्या आणि भरतीची भाकरी बांधायच्या. अशा माणसाला मी ऑर्डर दिली आणि निर्धास्त झालो.

४.४५. मंगल. "अवो, वैनी दिसंनात. बाहेर जाऊन येते म्हनल्या, अर्धा तास झाला. मी शाळा समदी फिरली."

"संतोषला गच्चीवर पाठव. फरशीकडे बघायला सांग."

तिने फोन तसाच चालू ठेवला. मला जिन्यावरची पावलं ऐकू आली. मग संतोषचा आवाज, लांबून. "काकू, आई तिकडं हाय!"

पुढचं संतोषने सांगितलं ते लिहितो. वहिनी गोठ्यातून परत निघाल्या होत्या. चांदीच्या गळ्यात नवं दावं घातलं होतं आणि ते स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं. जाताना फरशीवर पाणी गुडघ्याला असणार. येताना ते कमरेला होतं. संतोष दोर घेऊन पळाला. तो ओढ्यावर पोहोचला तेव्हा वहिनी फरशीच्या मधोमध होत्या. त्याने हाक मारली. वहिनींनी हात वर केला, ये म्हणून नव्हे, तिथंच थांब म्हणून. मग चांदीचे पाय सुटले आणि ती पोहू लागली. वहिनींनी मनगटाचं दावं सोडवलं. म्हशीला ओढ लागू नये म्हणून सोडवलं की स्वतःला सोडवायला, ते कुणाला सांगता येणार नाही. संतोषने दोर फेकला. तो त्यांच्या मागे पडला. गावातल्या दोघांनी संतोषला कमरेला धरून ठेवलं नसतं तर तोही गेला असता.

चांदी पन्नास पावलं खाली काठाला लागली. जनावर पोहतं.

मी मोटरसायकलवर निघालो आणि सव्वासातला शाळेत पोहोचलो. अण्णा व्हरांड्यात टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. ते म्हणाले, "तुजी ड्रिल चांगली व्हती रं. पाचजन वाचलो की." त्या वाक्याइतकं मला आयुष्यात दुसरं काही लागलेलं नाही.

सकाळी साडेसहाला मासेमारीवाल्यांची एक होडी मिळाली. मी पुढे बसलो, बोट कमांडर बसतो तिथं. ओढ्याच्या तोंडापासून खाली उसाच्या कडेकडेने गेलो. ७.१० ला वहिनी मिळाल्या. उसाने त्यांना अडवून धरलं होतं. आसामात मी अशी माणसं पाण्यातून काढली होती. त्या दिवशी होडीवाल्याला म्हणालो, "दादा, तुमी धरा. मला हुईना."

जवान गेला की बिगुल वाजतो, तिरंगा येतो, युनिटमध्ये दर वर्षी नंबर, रँक आणि नाव वाचलं जातं. वहिनींसाठी यातलं काही नव्हतं. नदी उतरली नव्हती म्हणून गावच्या वरच्या माळावर अंत्यसंस्कार झाले. मी सावधान उभा राहिलो. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

आता आसपासच्या गावांतून मला बोलावणं येतं. मेजर, घराघरात तयारी कशी करायची ते सांगा. मी जातो आणि बॅगेबद्दल शेवटी बोलतो. आधी जनावरांचं. मेसेज आला की पहिली जनावरं हलवायची, माणसं नंतर, कारण जनावरं गोठ्यात असतील तर माणूस शाळेत थांबत नाही. उंचावरच्या जागेवर आधीपासून खुटे ठोकून ठेवा. महिन्यातून एकदा संध्याकाळची धार तिथंच काढा, म्हणजे म्हशीला ती जागा कळेल आणि सुटली तरी तिकडे येईल. आमच्या घराला आता जनावरांसकट चौदा मिनिटं पुरत नाहीत, पन्नास लागतात. लागू देत. आणि घरात धार कोण काढतं, चुलीपाशी कोण असतं, म्हाताऱ्याचं कोण करतं, त्या माणसाला आधी विचारा की तू मागे कशासाठी फिरशील. तो जे सांगेल ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला ऑर्डर देऊन काही होत नाही.

हे शहाणपण सगळं नंतरचं. माळावरून परत आलो त्या संध्याकाळी चांदी शाळेच्या मैदानात कडुनिंबाला बांधलेली होती. तीन वेळच्या धारा चुकल्या होत्या. कास ताठलेली, शिरा वर आलेल्या, पाय फाकून उभी आणि घसा बसेपर्यंत ओरडत होती. मंगल बसली, तिला लाथ बसली. संतोष गेला, त्याला तिने शिंगावर घेतलं. अण्णा लांबूनच म्हणाले, "तिचं पातळ घ्या कुनीतरी."

आमच्याकडे धार काढणारी बाई गावाला गेली तर पुरुषमाणूस तिचं लुगडं अंगावर घेऊन बसतो, जनावराला वास लागतो म्हणून. वहिनींचं एक जुनं पातळ मंगलच्या बोचक्यात होतं. मी ते डोक्यावरून घेतलं आणि बादली घेऊन बसलो. धार काढायला मला वहिनींनीच शिकवलं होतं. मैदानात गावची सगळी माणसं होती. एरवी मेजरला अशा वेषात बघून महिनाभर हसली असती. कुणी हसलं नाही.

चांदीने मान वळवून पदर हुंगला. खूप वेळ हुंगला. मग तिचे पाय सैल झाले आणि ती पान्हावली. पहिली धार बादलीत वाजली तसा मी मोठ्याने रडायला लागलो, तिच्या कुशीला कपाळ टेकवून, नऊ वर्षांचा असताना रडलो होतो तसा. हात थांबवले नाहीत. चांदी हलली नाही. कास मोकळी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग मान वर करून फरशीच्या वाटेकडे बघत राहिली.