हंडा भरायचा उखाणा

नालासोपाऱ्यात आमच्या बिल्डिंगला टँकर आला की पाण्याआधी भांडण वाहायचं. जवळच्या वटार गावाहून भाजीची पाटी घेऊन येणारी एक बाई गेटपाशी बसून ते रोज बघायची. एकदा आमच्यातल्या दोघी झिंज्या उपटण्यावर आल्या, तेव्हा ती उठली, मधोमध एक हंडा उपडा घातला आणि त्यावर बोटांनी ताल धरला.

"जिला पानी पाहिजे तिनं नाव घ्यायचं, मग भरायचं!"

आम्ही सगळ्या हसत सुटलो. उखाणे सुरू झाले. रांगेत घुसलेल्या एका काकांनाही तिनं सोडलं नाही; लाजत लाजत त्यांनी बायकोचं नाव घेतलं.

सासरे वारल्यापासून माझ्या सासूबाईंना नाव घ्यायला कुणी सांगत नसे. त्या मागे सरकल्या. "आता कुणाचं घेऊ?"

"तुझंच घे ना, बाय. नवरा गेला म्हनून तुझं नाव गेलं काय?"

सासूबाई पुन्हा पुढे आल्या. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "टँकरच्या पाण्यानं हंडा काठोकाठ, सुलोचना उभी, तिची मान ताठ!"

भाजीवालीनं हंडा असा बडवला की टँकरवालाही टाळ्या वाजवू लागला.

दुसऱ्या दिवशी घरात पाणी भरलेलं होतं. तरी सासूबाई हंडा घेऊन खाली उतरल्या.