चेपणीच्या तोरांवरचं अंडं

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. तिथे वस्तू आरपार स्कॅन करतात आणि त्यांच्या हुबेहूब प्रती छापतात. एरवी पंपाचे भाग, नाहीतर दंतवैद्यांसाठी जबडे. त्यामुळे एका संग्रहालयाकडून डायनासोरची पाच अंडी येणार म्हटल्यावर आम्ही दिवाळी असल्यासारखी झाडलोट केली.

अंडी म्हणजे कधीच दगड झालेली. नारळाएवढी, करडी. प्रत्येकाला काडेपेटीएवढा ट्रॅकर टेपने चिकटवलेला. शनिवारी संध्याकाळी टेंपो आला, पेट्या उतरवल्या, मी सही केली. सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या संशोधक बाई आल्या तेव्हा पेट्या उघडल्या. अंडी चार.

बाईंनी फोनवर नकाशा काढला. चार हिरवे ठिपके तुयेत होते. पाचवा साखळी गावाच्या दिशेने चालला होता.

"ते चालतंय!" मी म्हणाले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेट्या पुन्हा मोजायला लागले.

बेळगावचा टेंपोवाला परतीच्या मालासाठी आवारातच मुक्कामाला होता. त्याला बोलावलं.

"घाटात एका पेटीचं फळकूट निघालं ओ," तो म्हणाला. "डिचोलीत चढावर पंक्चर झालं. गाडी मागं सरकाय लागली. बघतो तर हे दगूड आतनं गडगडत आलेलं. चाकाला लावलो."

"आणि परत नाही घेतलंत?"

"दगूड परत कोण घेतंय ओ, मॅडम?"

बाई स्टुलावर बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. मग आम्ही तिघं त्याच टेंपोत चढलो. तो चालवत होता, बाई मधे बसून फोनकडे बघत "डावीकडे, डावीकडे" म्हणत होत्या, आणि जन्म डिचोलीत गेलेली मी रस्ता डावीकडे नाहीच हे सांगत होते.

साखळीच्या स्टँडवर ठिपका थांबला. तिथे वाळपईची सरकारी बस सुटायच्या बेतात उभी होती. बाई तडक आत शिरल्या आणि फोनवरचं बटण दाबलं. मागच्या सीटवरून 'पीप, पीप' असा आवाज आला.

"कोणी कोंबडीचं पिल्लू आणलां?" कंडक्टरने विचारलं.

आवाज एका साठीच्या बाईच्या कापडी पिशवीतून येत होता. तिने पिशवी छातीशी धरली. मी तिच्याजवळ गेले आणि हळू विचारलं, "मावशी, पिशवीत दगड आसा?"

"दगड कित्याक हाडूं? ही डबी आसा." तिने ट्रॅकर काढून दाखवला. "फातराक चिकटिल्ली. फातर सारको बसना, म्हणून काडली. भाचो वाळपयत मोबायल दुरुस्त करता, ताका दाखोवपाक व्हरतां."

"आणि फातर?" दगड कुठे आहे, ते मी तिच्याच बोलीत विचारलं.

"फातर घरा. तोरांचेर."

संशोधक बाई पुण्याच्या. त्यांना मी टेंपोत समजावलं की तोरां म्हणजे कोवळ्या कैऱ्या. मिठात घालून वरून दगडाने दाबतात, त्याला चेपणीची तोरां म्हणतात. "मिठात?" त्या किंचाळल्या. "किती दिवस?" मावशी आमच्यात दाटीवाटीने बसली होती. तिने दोन बोटं दाखवली. बसचं तिकीट फुकट गेलं, हेही तिने दोनदा सांगितलं.

डिचोलीला तिच्या घरी पडवीत चिनी मातीची भरणी होती, तिच्यात ताटली, ताटलीवर ते अंडं. अर्धं मिठाच्या पाण्यात. बाई हात घालणार तोच मावशीने त्यांचं मनगट पकडलं.

"फातर काडल्यार तोरां वयर येतलीं. बुरशी धरतली. पयलीं दुसरो फातर हाड."

मग पुढचा अर्धा तास, पंधरा वर्षं दगडांचा अभ्यास केलेल्या त्या बाई डिचोलीच्या त्या वाडीवर दगड शोधत होत्या. पहिला आणला, तो तांबडा चिरा निघाला. "रंग सोडटा," मावशी म्हणाली. दुसरा खरबरीत. "हाका माती धरता." तिसरा टेंपोवाल्याने आणला, तो भरणीच्या तोंडातून आत जाईना. चौथा बाईंनीच व्हाळाच्या पाण्यातून आणला, गुळगुळीत, काळा. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मावशीने तो हातात तोलला, उलटासुलटा केला, धुतला आणि म्हणाली, "हो बरो." बाईंचा चेहरा असा खुलला की पदवी मिळाली तेव्हाही तेवढा खुलला नसेल.

अंडं बाहेर आलं. बाईंनी ते बाल्दीभर गोड्या पाण्यात बुडवलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आनंदाच्या भरात त्या बोलून गेल्या, "आजी, हा दगड नाही, डायनासोरचं अंडं आहे!"

मावशी थिजली. "तांतीं?"

"हो!"

"म्हज्या तोरांचेर तांतीं? आयज सोमार! हांव शिवराक!" सोमवारी तिला मासळी, मटण, अंडं काहीच चालत नव्हतं.

बाईंनी समजावलं, की ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे, त्याचा आता नुसता दगड आहे.

"पूण आदीं तांतीं आशिल्लें न्हय?"

बाईंनी मान डोलावली. संशोधकाला खोटं बोलता येईना.

"ओ मावशी," टेंपोवाला म्हणाला, "मी खातो की. मला काय, चालतंय."

मावशीने आम्हां तिघांना निरखून पाहिलं, आणि आम्ही बाटलेलीच माणसं आहोत अशी तिची खात्री झाली असावी. तिने काळा दगड काढून स्वतःकडे ठेवला आणि भरणी माझ्या मांडीवर दिली. "भरणी परत हाड," एवढंच म्हणाली.

दुपारी अंडं स्कॅनरमध्ये ठेवलं. सगळा कारखाना पडद्याभोवती जमला. आत पिल्लू वगैरे काही नव्हतं. करडी माती, आणि कवचाच्या आतून एक बारीक, वाकडी चीर. बाई मात्र त्या चिरेकडे पाहून हरखल्या. "इथून ते गाळाने भरलं असणार," असं काहीतरी त्या पुटपुटत होत्या. टेंपोवाला खांद्यावरून डोकावून म्हणाला, "ही चीर माझ्या चाकानं न्हाई न्हवं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "ही फार जुनी आहे."

त्याने मोठा श्वास सोडला. मग आम्ही जेवायला बसलो. तोरां अजून नीट मुरली नव्हती, दात आंबले. बाईंनी पेजेबरोबर चार खाल्ली आणि पाचवं रुमालात बांधून घेतलं.