पन्नासाच्या पुढे

नवऱ्याची बदली झाशीला झाली आणि माझी मराठी घरापुरती उरली. एका सकाळी बागेत फिरताना कानावर आलं, "अडतीस, एकोणचाळीस..." कडुनिंबाखाली एक आजोबा बैठका मारत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, मिशी पांढरीशुभ्र. पन्नासाला थांबले आणि बाकावर जाऊन बसले. रोज तसंच. पाय तर जराही थरथरत नसत.

न राहवून एकदा विचारलं, "दमलात का, काका?"

"नाही जी, पायांत दम आहे अजून. पन्नासानंतर मोजायला श्वास पुरत नाही. पुढचं आमची ही मोजायची, या बाकावर बसून. ती गेली, आता घरात सगळे हिंदीत बोलतात. मराठी तेवढी तिचीच होती." मिशीवरचा घाम पुसत ते हसले. "तब्येतीसाठी कोण करतं, ताई? तिनं मोजावं म्हणून करायचो."

मी बाकावर बसले आणि म्हणाले, "एक्कावन्न."

ते उठले.

मग आमची पुन्हा बदली झाली. इथेही मी सकाळी फिरायला जाते. वाटतं, आत्ता ते पन्नासावर आले असतील आणि बाकाकडे बघत असतील.