मुलगा लागोसला पोचेपर्यंत झाडू बंद

मंडळी, मी बोलतेय आणि फोन लिहितोय. चुकलं तर त्याला बोला.

मी इथे जर्मनीत मुलाकडे असते. तो कंपनीच्या कामासाठी नैरोबीत होता. आज तिथून विमानाने लागोसला निघाला. मला वाटलं, दोन्ही गावं आफ्रिकेतलीच, म्हणजे पुण्याहून नाशिकला जाण्यासारखं. नात म्हणाली, "आजी, फ्युन्फ श्टुंडन!" पाच तास! तेवढ्यात तर जर्मनीहून आफ्रिका गाठता येते.

प्रवासाला गेलेला माणूस पोचेपर्यंत आमच्यात घरी केर काढत नाहीत. आणि आज नेमकी बिल्डिंगचा जिना झाडायची आमची पाळी. खालच्या जर्मन बाई दोनदा वर डोकावून गेल्या.

सून हसली. "अहो आई, विमान काय आपल्या झाडूवर उडतं?"

मी म्हटलं, "तुझं इंजिनिअरिंग राहू दे. झाडू ठेव."

पाच तास कधीच उलटले, फोन नाही. "उतरला असेल तो," म्हणत सून झाडू घेऊन बाहेर गेली आणि लगेच परत आली. जिना तसाच.

म्हणाली, "थोडं थांबू या, आई."

तेव्हापासून माझा जीव जास्तच खालीवर होतोय. लागोसला उतरल्यावर फोन लागायला किती वेळ लागतो हो? कुणी गेलं असेल तर पटकन सांगा.