परिपाठातली स्थानिक बातमी

आमच्या शाळेत मुलींसाठी तक्रारपेटी आहे. ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी लावली आहे, म्हणजे चिठ्ठी टाकायला आलेली मुलगी आधी त्यांनाच दिसावी. तपासणीला आलेल्या साहेबांनी पेटीचा फोटो काढून नेला. तेवढ्या कामासाठी पेटी उत्तम आहे.

नववीचा वर्गशिक्षक मी. वर्गातली कोळीवाड्यातली एक मुलगी पेटी टाळून माझ्याकडे आली. दहावीतली तीन मुलं जिन्यात तिला अडवत, नाक दाबून 'सुकट आली' म्हणत, आणि आता ओढणी ओढू लागली होती. मी तिला सांगितलं, मागच्या जिन्याने जा. लक्ष दिलं नाहीस तर थांबतील. हे सांगताना माझ्या डब्यात सुकटच होती, तिच्या आईकडून बाजारात घासाघीस करून घेतलेली.

त्या तीन मुलांतल्या एकाच्या वडिलांनी शाळेला पाण्याचा कूलर दिला आहे. शिक्षकांच्या खोलीत मी विषय काढला तेव्हा सगळे गार पाणी पीत होते. हे वयच तसं, असं एकमताने ठरलं. मीही मान डोलावली.

मुलगी यायची बंद झाली. आई शाळेतून तिचं नाव काढून तिला मासळी सुकवायला घेणार, हे मला वर्गातल्या मुलांकडून कळलं.

आमच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग बातम्या असतात. परिपाठ नववीकडे असतो आणि बातम्यांची पाळी हजेरीच्या क्रमाने येते. त्या सोमवारी पाळी तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची होती. तिने अलिबागच्या रो-रो बोटीची बदललेली वेळ वाचली आणि त्याच सुरात पुढे गेली.

"स्थानिक बातमी. नववीतली एक विद्यार्थिनी शाळेत येत नाही, कारण जिन्यात तिची ओढणी ओढतात. वर्गशिक्षकांना सांगितलं होतं. त्यांनी दुसरा जिना दाखवला."

मुख्याध्यापकांनी माइक बंद करवला. दुसऱ्या दिवशी पुढच्या क्रमांकाच्या मुलाने तीच बातमी माइकशिवाय वाचली. मग बातम्याच रद्द झाल्या, तर सुविचार सांगायला उभ्या राहिलेल्या मुलीने सुविचाराच्या जागी तीच बातमी सांगितली. शिक्षा करायची तर सगळ्या वर्गालाच करावी लागली असती. यांना हे कोण शिकवतंय, असं मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये विचारलं. मी नाही, हे मी शपथेवर सांगू शकत होतो.

मुलांनी घरी जाऊनही हेच सांगितलं आणि फाटकाशी पालक जमू लागले. तेव्हा कुठे कूलरवाल्या वडिलांना बोलावणं गेलं आणि त्या तिघांना काही दिवस घरी बसवलं. शाळेने तातडीने दखल घेतल्याची नोटीस लागली. ती सुवाच्य अक्षरात मीच लिहिली.

त्या संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेलो. मुलीला परत आणायचं पुण्य निदान आपल्या वाट्याला यावं, असं वाटलं असणार. तिची आई बांबूंवर बोंबील टांगत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"ती येनार हाय उद्या. पोरी आल्यात सांगाया, तिच्यासंगं चालनार हायत. तुमी कशाला आलाव, सर?"

मी हजेरीबद्दल काहीतरी बोललो. आतून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी आलोय हे आईने आत सांगितलं नाही, आणि सांगा असं म्हणायचं माझं धाडस झालं नाही.