निळोबाचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही — आलात तरी बाबांसमोर बोलणार नाही.

अकोल्याला माझ्या भावाच्या बैठकीत समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी आहे. दादा वकील. कोर्टातून आला की काळा कोट काढायच्या आधी तिच्यापुढे उभा. मासे होते, प्रवाळ होते, पण सगळ्यांचा जीव एका शिंपल्यात. वीतभर लांब, उघडला की आतून निळ्या मखमलीची झालर. बाबांनी नाव ठेवलं निळोबा. सावली पडली की तो झालर आत ओढून घ्यायचा, आणि बाबा म्हणायचे, "लाजून राह्यला."

त्या मे महिन्यात लेकीच्या परीक्षेसाठी दादा-वहिनी आठ दिवस पुण्याला गेले. मी अमरावतीहून येऊन राहिले — बाबांसाठी आणि निळोबासाठी. बाबा तेव्हा थोडं थोडं विसरायला लागले होते. चष्मा, गॅस, शेजाऱ्यांची नावं — एवढंच.

दादाने टाकीवर चिठ्ठी चिकटवली होती. पाणी कमी झालं की फक्त स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं गोडं पाणी घालायचं. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल, टाकीतलं पाणी रोज बोटभर उडायचं. चौथ्या दिवशी फिल्टरच बंद पडला. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उजाडेना. पाणी खाली गेलं, पंप गुरगुरायला लागला. काय करायचं? आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, सगळा पट्टाच खारपाणाचा. मला वाटलं, समुद्रातल्या जिवाला दुसरं काय हवं — खारंच तर हवं. बादली ओतली. दुसऱ्या दिवशीही ओतली. तिसऱ्याही.

आता ऐका — मी अकरावीला रसायन शिकवते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते.

झालर आक्रसत गेली. मग शिंपला नुसता आ वासून राहिला. दर थोड्या वेळाने जाऊन मी टाकीवर हात धरायचे, सावलीने तरी मिटेल म्हणून. मिटेना. बाबा जेवायला हाका मारत होते आणि मी टाकीपुढून हलत नव्हते. भीती कशाची होती? त्याच्या मरणाची? खरं सांगू — दादा हसेल याची. रसायनाची बाई, आणि हे.

दादा आला तेव्हा निळोबा गेलेला होता. त्याने पाणी तपासलं, मीठ भलतंच वाढलेलं. "बोअरचं पाणी कोनं टाकलं यात?"

मी — मी म्हणाले, "बाबा फिरून राह्यले होते सकाळी बादली घेऊन."

खोटंही नव्हतं. ते रोज कुंड्यांना पाणी घालायचे. किती सोयीचं वाक्य, नाही? बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाले, "मीच टाकलं असन रे. मले आजकाल याद नाही राहत."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

दादाने हे डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. बाबांच्या स्कूटरची किल्ली कपाटात गेली. जुन्या शहरात मित्राकडे एकट्याने जाणं बंद झालं. माठातलं पाणी घेतानाही विचारू लागले, "घेऊ का?" — स्वतःच्या घरात. मी महिन्यातून दोनदा अकोल्याला जाते. बसमध्ये वाक्य जुळवते, मूर्तिजापूरपर्यंत तोंडपाठ होतं, आणि घरी पोचले की बाबांच्या गोळ्या मोजत बसते. आता सांगून त्यांना कळणार तरी काय, असं मनाला समजावते. कळत होतं तेव्हा कुठे सांगितलं?

रिकामा शिंपला बाबांनी मागून घेतला होता. त्यांच्या खिडकीत असतो, आल्यागेल्याला दाखवतात. नावं विसरले, आई गेल्याचं विसरले. हे एवढं विसरत नाहीत.

परवा त्यांनी मला ओळखलं नाही. शिंपला माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "बाई, हा माह्या हातून गेला."

मी तो ओढणीने पुसला आणि खिडकीत परत ठेवला.