तिरप्या अक्षरांतली आई

आमचे बाबा शिंपी. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, पण स्वतःच्या बोलण्याला कधी माप नव्हतं. दुकान बंद केल्यावर त्यांना शिवणकामाच्या पुस्तकाचं खूळ लागलं. ते सांगणार, मी टाइप करणार आणि शेजारी काजं-बटणं करत बसलेली आई दर दोन वाक्यांनी त्यांचं बोलणं तोडणार.

"बाही आधी कच्च्या टाक्याने जोडा," बाबा.

"आणि घालून बघा. यांनी शिवलेल्या शर्टात हात वर करता येत नसे," आई.

मी दोघांचंही घेतलं. आईच्या बोलण्यासाठी फाइलमध्ये वेगळी स्टाइल बनवली, तिचं नावच ठेवलं 'आई'. अक्षर तिरपं आणि जरा बारीक. तिरपं दिसलं की आई बोलतेय, इतकं सोपं. पुस्तक संपलं आणि थोड्याच दिवसांत आई गेली.

मग प्रेसवाल्याला दुसऱ्या प्रकारातली फाइल हवी झाली. मी कामावर होते, म्हणून दादाने मोठ्या हौसेने ती बदलून घेतली. नव्या प्रोग्रामला शीर्षक कळलं, साधा मजकूर कळला, 'आई' म्हणजे काय ते कळलं नाही. तिला सरळ साध्या मजकुरात ढकललं. सगळी अक्षरं उभी!

"आणि जुनी फाइल?"

"उडवली. कशाला ती अडगळ?" दादा म्हणाला. "शब्द आहेत ना सगळे?"

"शब्द आहेत रे दादा! कोणाचे आहेत ते कुठे कळतंय?" मी अशी ओरडले की शेजारणीने दार उघडून बघितलं.

नव्या फाइलमध्ये 'आई' पुन्हा बनवली आणि तिची वाक्यं शोधायला बसले. 'यांनी' आलं की आई, एवढं कळत होतं. पण 'कापड आधी पाण्यातून काढा' हे कोणाचं? इतकी वर्षं एका दुकानात काढून दोघं सारखीच बोलायला लागली होती. डोक्याचा नुसता भुगा झाला.

बाबांना विचारलं, तर प्रत्येक चांगलं वाक्य त्यांचंच! "मीच सांगितलं होतं ते." कपाळ माझं! शेवटी विचारायचं सोडलं आणि नुसतं मोठ्याने वाचत सुटले.

"माप घेताना गिऱ्हाइकाला आधी श्वास सोडू द्या. माणसं पोट आत घेऊन उभी राहतात."

"अगं, मध्ये मध्ये बोलू नकोस म्हटलं ना!" बाबा एकदम उखडले.

ते माझ्यावर उखडले नव्हते. हे सापडल्यावर काम सोपं झालं. मी वाचायचं, बाबा जिथे भडकतील ते वाक्य तिरपं करायचं. पानामागून पान आई परत येत होती आणि बाबांचा पारा चढत होता.

शेवटच्या पानावर आले. "कपडा देताना घडी आपल्या हातांनी घाला."

बाबा भडकले नाहीत. मी वाक्य उभंच ठेवून पुढे निघाले.

"थांब. तेही तिचंच आहे."

"मग चिडला नाहीत ते?"

"तेव्हाही चिडलो नव्हतो. बरोबर होतं तिचं." मग म्हणाले, "बाकीचंही बरोबरच होतं."

"मग हे तिला एकदा तरी सांगायचं होतंत ना, बाबा!" मला इतका राग आला होता, की रडू आवरेना.